खडीतल्या पांढऱ्या काड्या आणि वाळूतलं फेल्स्पार

प्रश्न थोडक्यात असा आहे. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका खाणीतून घराच्या स्लॅबसाठी खडी आली आहे. काळ्या दगडात जागोजागी पांढरट काड्या दिसतात. मुकादम म्हणतो, "गारगोटी आहे, उलट मजबूत." दुसरा खडीवाला म्हणतो, "फेल्स्पार आहे, दगड कुजका, घेऊ नका." त्याच आठवड्यात भावाच्या शिरोलीतल्या फाउंड्रीत वाळूचा रिपोर्ट आला आणि त्यावर शेरा आहे, 'फेल्स्पार जास्त'. मग हे खनिज चांगलं की वाईट?

काड्या बहुधा फेल्स्पारच्याच आहेत, म्हणजे मुकादम चुकला. पण फेल्स्पार आहे म्हणून दगड कुजका हे दुसऱ्याचं म्हणणंही चूक. कोल्हापूरच्या कोणत्याही चांगल्या काळ्या दगडात निम्म्याच्या आसपास फेल्स्पारच असतं, काड्या दिसोत वा न दिसोत. खडीच्या बाबतीत विचारायचं ते एवढंच, की फेल्स्पार ताजं आहे की सडलेलं. फाउंड्रीच्या वाळूत मात्र प्रश्न वेगळा: कोणतं फेल्स्पार, आणि किती.

फेल्स्पार हे एक खनिज नाही, गट आहे. पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून जास्त भाग याच गटाचा आहे. रचना अशी: एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, असे चौफलक कोपऱ्याला कोपरा जोडून तिन्ही दिशांना पसरलेले. क्वॉर्ट्झची, म्हणजे गारगोटीची रचनाही अशीच. फरक एवढाच की फेल्स्पारमध्ये काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतं. तिथे विद्युतभार कमी पडतो आणि तो भरून काढायला पोटॅशियम, सोडियम किंवा कॅल्शियम पोकळीत येऊन बसतं. पोटॅशियमचं टोक म्हणजे ऑर्थोक्लेज आणि मायक्रोक्लिन, सोडियमचं अल्बाइट, कॅल्शियमचं ॲनॉर्थाइट. सोडियम आणि कॅल्शियम कोणत्याही प्रमाणात मिसळतात, त्या मालिकेला प्लॅजिओक्लेज म्हणतात. ॲनॉर्थाइटचं प्रमाण वाढत जाईल तशी नावं अल्बाइट, ऑलिगोक्लेज, अँडेसिन, लॅब्रॅडोराइट, बायटाउनाइट, ॲनॉर्थाइट. पोटॅशियम आणि सोडियम जास्त तापमानाला मिसळतात, दगड थंड होताना वेगळे व्हायला लागतात. पोटॅशियम आणि कॅल्शियमचं मात्र फारसं जमत नाही. तुमचे दोन्ही प्रश्न शेवटी या तीन टोकांपाशीच येऊन ठेपतात.

आता आपला दगड. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या थरांची रासायनिक घटकांवरून जी विभागणी केली आहे, तिच्यात वरच्या एका गटाला पन्हाळा फॉर्मेशन असंच नाव आहे. त्याच्या खाली महाबळेश्वर, वर बेळगावजवळच्या देसूरच्या नावाचा गट. हा सगळा बेसाल्ट. त्यात ढोबळमानाने ४५ ते ५० टक्के प्लॅजिओक्लेज, तेही बहुतेक लॅब्रॅडोराइट, म्हणजे कॅल्शियमकडे झुकलेलं. ३५ ते ४० टक्के ऑजाइटसारखी पायरोक्सीन गटातली काळसर खनिजं, ५ ते १० टक्के लोह-टायटॅनियमची काळी ऑक्साइडं, उरलेली थोडी काच. पोटॅशियम फेल्स्पार यात डोळ्यांना दिसेल इतकं नसतं.

निम्मं फेल्स्पार असून दगड काळा का? कण बारीक आहेत आणि ताजं प्लॅजिओक्लेज मुळात पांढरं नसून पारदर्शक असतं. प्रकाश त्यातून आत जातो, खालच्या पायरोक्सीनवर आणि लोहाच्या ऑक्साइडवर पडून तिथेच जिरतो. हाच दगड घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की काळेपणा बहुतेक जातो आणि पाण्यासारख्या स्वच्छ काड्यांचं जाळं दिसतं. लाव्हा वर येण्याआधी खालीच काही स्फटिक मोठे झाले असतील तर ते भोवतीच्या बारीक कणांच्या दगडात उठून दिसतात. तुमच्या खडीतल्या काड्या त्या याच. बहुधा २ ते १० मिलिमीटर लांबीच्या असतात. नाशिक-इगतपुरीकडच्या काही थरांत हे स्फटिक चांगले काही सेंटिमीटर लांब असतात.

काडी नक्की प्लॅजिओक्लेजच आहे का, हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. १० पट मोठं दाखवणारं भिंग, पोलादी चाकू, खिडकीच्या काचेचा तुकडा, गारगोटीचा टोकदार तुकडा आणि १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची ड्रॉपरची बाटली, एवढं पुरे. आधी तुकडा फोडून ताजं तोंड काढा. फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच, बेसाल्टच्या कपच्या सुरीसारख्या उडतात. क्रशरमधून आलेल्या खडीवर कच चिकटलेला असतो. त्यावरून काहीही ठरवू नका, धुऊन, पुसून मगच बघा.

उन्हात उभं राहून तुकडा बोटांत हळूहळू फिरवा. प्लॅजिओक्लेजची काडी एका ठरावीक कोनात आरशासारखी चमकते, जरा फिरवली की विझते. हे पाटनाचं, म्हणजे सपाट प्रतलावर फुटण्याच्या गुणाचं लक्षण. फेल्स्पारला अशी दोन प्रतलं आहेत, ऑर्थोक्लेजमध्ये एकमेकांशी काटकोनात, प्लॅजिओक्लेजमध्ये सुमारे ८६ अंशांत. हा चार अंशांचा फरक डोळ्यांनी मोजायच्या फंदात पडू नका, १० मिलिमीटरच्या काडीवर ते जमत नाही. त्याऐवजी चमकणाऱ्या पृष्ठावर भिंग लावा आणि तुकडा अगदी थोडाथोडा कलवा. एकमेकींना समांतर, ब्लेडने ओढल्यासारख्या बारीक सरळ रेघा दिसल्या तर ते प्लॅजिओक्लेज, पुढे वाद नाही. एकाच काडीत स्फटिकाचे पातळ पापुद्रे आलटून-पालटून उलटे बसलेले असतात, त्यांच्या या कडा. ऑर्थोक्लेजमध्ये अशा रेघा नसतात. तिथे फार तर अख्खा स्फटिक मधोमध दोन भागांत वेगवेगळा चमकतो. रेघा पहिल्या काडीत दिसल्या नाहीत म्हणून सोडू नका, दहा-बारा काड्या बघा. पाटनाच्या दोन प्रतलांपैकी एकावरच त्या दिसतात.

कठिनता ६ ते ६.५, १ ते १० च्या मोस मापनावर. साध्या चाकूने ओरखडा उठत नाही, उलट चाकूचं लोखंड करड्या रेघेसारखं काडीवर राहतं. हाताला वाटेल की ओरखडा पडला, म्हणून ओल्या बोटाने पुसून बघा. गारगोटीच्या टोकाने मात्र ओरखडा उठायला हवा. काडी काचेवर ओरखडा काढते, पण जोर लावून.

मुकादमाच्या गारगोटीबद्दल. क्वॉर्ट्झची कठिनता ७ आणि त्याला पाटन नाही. ते काचेच्या बाटलीसारखं वाकडंतिकडं, शंखाच्या वळणांसारखं फुटतं. आपल्या बेसाल्टच्या मूळ पायात क्वॉर्ट्झ नसतंच म्हटलं तरी चालेल. असतं ते पोकळ्यांत आणि भेगांत, नंतर झिरपलेल्या पाण्यातून साचलेलं. तिथे अगेट आणि कॅल्सिडोनी हे क्वॉर्ट्झचेच अतिबारीक कणांचे प्रकारही सापडतात. कॅल्साइट ओळखणं सगळ्यात सोपं: आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं, आणि चाकूने सहज कापलं जातं, कारण कठिनता ३.

खरी गल्लत होते ती झिओलाइटशी, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत साचणाऱ्या खनिजांच्या एका गटाशी. तेही पांढरं, तेही चमकतं, तेही बेसाल्टमध्येच. म्हणून रंगाआधी आकार बघा. प्लॅजिओक्लेजच्या काडीच्या कडा सरळ, टोकं चौकोनी, आणि ती दगडाच्या अंगात मुरलेली. झिओलाइट असतं गोलसर किंवा बदामी आकाराच्या पोकळीत, कारण ती लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्याची जागा. पोकळीच्या भिंतीला बहुतेक वेळा हिरवट अस्तर असतं आणि आत मोत्यासारखी चमक किंवा मध्यातून पसरलेले धागे दिसतात. कठिनता ३.५ ते ५.५, म्हणजे चाकू लागतो. विहिरीचं खोदकाम करणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो खडक असाच, बुडबुड्यांचा आणि झिओलाइटने भरलेला. तो स्लॅबच्या खडीत नको. तुमच्या ढिगात पांढरे ठिपके गोल असतील तर वरचा सगळा मजकूर बाजूला ठेवा आणि खाण बदला, किंवा निदान खाणीतला थर बदलायला सांगा. लाव्हाच्या प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांचा असतो, मधला घट्ट. दोन थरांमध्ये लाल गेरूसारखा पट्टा दिसला तर त्याच्या खालून-वरून काही मीटर सोडूनच दगड काढायला हवा. घाईत काम करणारी खाण इथेच मिसळ करते.

काडी प्लॅजिओक्लेजची निघाली, तर पुढची पायरी ती ताजी आहे का हे बघायची. यात रंग उपयोगी पडतो, पण लोक समजतात त्याच्या उलट. ताज्या लॅब्रॅडोराइटची काडी काचेसारखी, किंचित हिरवट-करडी किंवा मधासारखी झाक असलेली असते. काळ्या दगडात ती पटकन नजरेतही भरत नाही. खडूसारखी पांढरीफट्ट, निस्तेज, उन्हात न चमकणारी काडी म्हणजे सडायला लागलेलं फेल्स्पार. तिच्यात टाचणी टोचून बघा. भुगा निघाला, किंवा काडीच्या जागी पीठ आणि खळगा राहिला, तर आत माती झालेली आहे. जिभेला तुकडा लावला आणि ओढल्यासारखा चिकटला तर तेच, चिकणमाती ओलावा शोषते.

ही माती होते कशी? पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं. ते फेल्स्पारमधलं कॅल्शियम आणि सोडियम बाहेर काढून नेतं, थोडा सिलिकाही, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनचा भागही नेतं. उरलेलं ॲल्युमिनियम आणि सिलिका नव्या, पापुद्र्यांच्या रचनेत बसतात, ती चिकणमाती. कॅल्शियमचं टोक आधी सडतं, सोडियमचं त्यानंतर, पोटॅशियमचं सगळ्यात शेवटी. म्हणजे आपल्या बेसाल्टमधलं फेल्स्पार या गटातलं नाजूक सदस्य आहे. पाणी सांध्यांतून आत शिरतं, म्हणून दगड चौकोनी ठोकळ्याच्या कोपऱ्यांपासून सडत जातो आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटून मधे गोटा राहतो. पापुद्रे म्हणजे मुरूम, गोटा म्हणजे डबर. क्रशरला फक्त गोटा जायला हवा.

खडीसाठी प्रत्यक्ष काय करावं, ते सांगतो. ढिगाच्या एकाच जागेवरून नमुना घेऊ नका. खालून, मधून, वरून आणि मागच्या बाजूने मिळून २० मिलिमीटरची ८-१० किलो खडी घ्या, ताडपत्रीवर एकत्र करून चार भाग करा आणि समोरासमोरचे दोन भाग ठेवा. त्यातले शंभर तुकडे धुऊन एकेक बघा आणि तीन ढीग करा: घट्ट काळे, पांढऱ्या निस्तेज काड्यांचे किंवा तपकिरी-हिरवट झाक असलेले, आणि बुडबुड्यांचे. दुसरा आणि तिसरा ढीग मिळून पाच-सहा तुकड्यांच्या वर गेला तर माल प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय घेऊ नये. हा आकडा कोणत्याही मानकातला नाही, माझा कामचलाऊ आहे.

दुसरं, पाणी शोषण. सुमारे २ किलो खडी धुऊन २४ तास पाण्यात बुडवा, कापडाने पृष्ठभागावरची चमक जाईपर्यंत पुसा, वजन करा. मग भट्टीत १०० ते ११० अंशांना २४ तास वाळवून पुन्हा वजन करा. फरकाला वाळक्या वजनाने भागा, शंभराने गुणा. चांगल्या बेसाल्टचं एक-दीड टक्क्याच्या आत येतं. दोनच्या वर गेलं तर सडलेलं फेल्स्पार किंवा बुडबुडे, दोहोंपैकी एक नक्की आहे. घरी भट्टी नसेल तर हा आकडा प्रयोगशाळेकडूनच घ्या. गॅसवर तव्यात वाळवून काढलेल्या आकड्यावर भांडू नये.

तिसरं, आघात मूल्य. आयएस २३८६ या खडीच्या चाचण्यांच्या भारतीय मानकाच्या चौथ्या भागातली ही चाचणी: १२.५ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली आणि १० वर राहिलेली खडी, १३.५ ते १४ किलोचा हातोडा, ३८० मिलिमीटरवरून १५ ठोके, मग २.३६ मिलिमीटरच्या चाळणीतून किती टक्के गेलं ते. आयएस ३८३ प्रमाणे झिजणाऱ्या पृष्ठभागाच्या काँक्रीटला ३० पर्यंत चालतं, इतर काँक्रीटला ४५ पर्यंत. ताजा बेसाल्ट २० च्या आत आरामात बसतो. इथेच फसगत होते. ही चाचणी वाळक्या खडीवर होते, आणि वाळकी चिकणमाती बऱ्यापैकी घट्ट असते. आकडा उत्तम येतो आणि दगड पहिल्या दोन पावसाळ्यांत ढासळतो. म्हणून तीच चाचणी खडी भिजवूनही करून मागा. वाळक्या आणि ओल्या आकड्यांत थोडाफार फरक चालतो. ओला आकडा दीडपट झाला तर फेल्स्पार आतून माती झालेलं आहे.

संशय उरलाच तर आयएस २३८६ च्याच पाचव्या भागातली सोडियम सल्फेटची चाचणी आहे. पाच वेळा द्रावणात भिजवायचं, पाच वेळा वाळवायचं, आणि जाड खडीची घट १२ टक्क्यांच्या आत हवी. मॅग्नेशियम सल्फेट वापरलं तर मर्यादा १८. आणखी एक साधा उपाय: तुकडे शुद्ध इथिलीन ग्लायकॉलमध्ये १५ दिवस बुडवून ठेवणे. फुगणारी चिकणमाती ते शोषते, आणि ज्या तुकड्यात ती असेल तो तडकतो. द्रव विषारी आणि चवीला गोड आहे, मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. आणि खर्च करायचाच नसेल तर त्याच खाणीतला गेल्या वर्षीचा, एक पावसाळा भिजलेला ढीग बघून या. तुकड्यांच्या कडा शाबूत आहेत की हाताने मोडतात, एवढ्यात उत्तर मिळतं.

क्रश सँडला, म्हणजे दगड दळून केलेल्या वाळूला, हेच लागू, फक्त जास्त कडकपणे. क्रश सँडमध्ये ७५ मायक्रॉनखालचा बारीक भाग १५ टक्क्यांपर्यंत चालतो, कारण तो दगडाचं पीठ आहे असं गृहीत धरलेलं असतं. सडलेल्या दगडाच्या बाबतीत तोच भाग चिकणमाती निघतो. मग पाणी जास्त लागतं आणि काँक्रीट आकसून तडे जातात. पीठ आणि माती यांतला फरक मिथिलीन ब्लू या रंगाच्या चाचणीत कळतो (चिकणमाती तो रंग शोषते), नुसत्या चाळणीत नाही. सिमेंटमधल्या अल्कलीशी प्रतिक्रिया होऊन काँक्रीट फुगण्याची भीतीही काहींना फेल्स्पारमुळे वाटते. त्या बाबतीत ते निरुपद्रवी आहे. भीती कॅल्सिडोनी आणि ओपलची बाळगा, म्हणजे पुन्हा पोकळ्यांतल्या पांढऱ्याची.

इमारतीच्या कामाला एवढं पुरतं. पण कुणी विद्यार्थी हे वाचत असेल आणि प्लॅजिओक्लेज नेमकं कोणतं ते काढायचं असेल, तर थिन सेक्शन, म्हणजे वर सांगितलेला पातळ काप, करून मिशेल-लेव्ही पद्धत वापरा. क्रॉस्ड पोलरमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाचे दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात ठेवून, काळे-पांढरे समांतर पट्टे असलेला कण शोधा, ज्याच्या पट्ट्यांच्या सीमा अगदी धारदार आहेत. पट्टे उत्तर-दक्षिण ठेवल्यावर सगळे सारखे उजळ दिसायला हवेत, ४५ अंशांवरही सारखे. आता स्टेज उजवीकडे फिरवून पट्ट्यांचा एक संच पूर्ण काळा होईपर्यंतचा कोन घ्या, मग डावीकडे फिरवून दुसऱ्या संचाचा. दोन्ही कोनांत चार-पाच अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर तो कण सोडा, काप तिरका गेला आहे. बरोबर असतील तर सरासरी काढा. असे आठ-दहा कण मोजा आणि त्यांतला सगळ्यात मोठा कोन घ्या. सगळ्या कणांची सरासरी घेणं ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक. लॅब्रॅडोराइटला हा कोन साधारण २७ ते ३९ अंश येतो. कोन लहान आला, वीसच्या आत, तर एकाच कोनाला दोन उत्तरं निघतात. तेव्हा प्रणमनांक बघावा लागतो: अल्बाइटचा १.५३ च्या आसपास, लॅब्रॅडोराइटचा १.५६ च्या. कापावरचं चिकट माध्यम १.५४ चं असेल तर बेके रेषा, म्हणजे कणाच्या कडेची उजळ रेघ, आत जाते की बाहेर, यावरून निकाल लागतो. मोठ्या काड्यांत मध्य आणि कड वेगवेगळ्या वेळी काळे होतात, मध्यात कॅल्शियम जास्त आणि कडेला सोडियम जास्त म्हणून. अशा कणाचा आकडा देताना मध्याचा की कडेचा ते लिहा.

तुम्ही विचारलं नाही, पण मुरूम आणि माती यांचा विषय निघालाच आहे तर: एकाच दगडातलं एकच फेल्स्पार जिल्ह्याच्या दोन टोकांना वेगवेगळं सडतं. गगनबावड्याकडे पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर आणि उतारामुळे निचरा जोरदार. तिथे कॅल्शियम, सोडियम तर जातंच, सिलिकाही धुऊन जातो. उरतो जांभा, आणि जिथे सिलिका जवळजवळ सगळा गेला तिथे बॉक्साइट. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडीचं बॉक्साइट हे असंच बेसाल्टचं उरलेलं ॲल्युमिनियम. शिरोळकडे पाऊस त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, जमीन सपाट. सिलिका आणि कॅल्शियम तिथल्या तिथेच राहतात, फुगणारी काळी माती तयार होते आणि सुटलेलं कॅल्शियम खाली चुनखडीच्या खड्यांच्या रूपात बसतं. घराचा पाया त्या काळ्या मातीत असेल तर खडीपेक्षा तिची काळजी आधी करा.

ऑर्थोक्लेज प्रत्यक्ष बघायचं असेल तर पन्हाळ्याला जाऊन उपयोग नाही, ग्रॅनाइटच्या दुकानात जा. इलकलकडच्या लालसर ग्रॅनाइटमधले गुलाबी दाणे पोटॅशियम फेल्स्पारचे, काचेसारखे करडे दाणे क्वॉर्ट्झचे. तिथेच 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून विकतात तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो: प्लॅजिओक्लेज आणि पायरोक्सीन, म्हणजे आपल्या बेसाल्टचाच जाड कणांचा भाऊ. पुढच्या वेळी ओटा निवडताना भिंग घेऊन गेलात तर काळ्या पॉलिशमधल्या करड्या काड्या सहज दिसतील.

आता भावाची वाळू. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना सिलिका सँड मुख्यतः सिंधुदुर्गातल्या फोंडा-कासार्डे भागातून येते. ती वाळूखडक आणि क्वॉर्ट्झाइटमधली आहे, बेसाल्टची नाही. त्यामुळे तिच्यातलं फेल्स्पार हे पोटॅशियम-सोडियमचं, सडायला चिवट, म्हणूनच वाळूत टिकून राहिलेलं. त्रास नेमका यानेच होतो. शुद्ध सिलिका १७०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. अल्बाइट १११८ ला वितळतं, पोटॅशियम फेल्स्पार ११५० च्या आसपास मोडून वितळायला लागतं. कॅल्शियमचं ॲनॉर्थाइट १५५० पर्यंत तग धरतं, पण ते या वाळूत नाही. ओतीव लोखंड १३५० ते १४०० ला साच्यात पडतं. धातूला लागून असलेला फेल्स्पारचा कण काचेसारखा मऊ होतो, शेजारचे क्वॉर्ट्झचे कण एकमेकांना चिकटवतो आणि कास्टिंगवर वाळूची खपली बसते. ती शॉट ब्लास्टिंगलाही, म्हणजे छर्‍यांच्या माऱ्यालाही, दाद देत नाही, फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंग साफ करण्याचा वेळ आणि ग्राइंडिंगची चाकं वाढतात. शिवाय उष्णतेच्या धक्क्याने फेल्स्पार पाटनावर फुटून बारीक होतं. परत वापरातल्या वाळूत बारीक भाग वाढतो, वाळू बांधून ठेवणारं बेंटोनाइट आणि रेझिन जास्त लागतं, साच्याची हवा जाण्याची क्षमता घटते.

तरी 'फेल्स्पार जास्त' या शेऱ्यावरून लॉट परत पाठवायची घाई नको. क्वॉर्ट्झ ५७३ अंशांना रचना बदलून एकदम फुगतं, आणि त्यातून साच्याला खपल्या सुटतात, कोअरला, म्हणजे साच्यातल्या वाळूच्या गाभ्याला, भेगा पडून कास्टिंगवर शिरा उठतात. फेल्स्पारला असा टप्पा नाही. त्यामुळे हलक्या, पातळ ग्रे आयर्नच्या कास्टिंगला दोन-चार टक्के फेल्स्पार खपून जातं, कधी शिरा कमीही होतात. जाड भिंतीच्या एसजी आयर्नला, म्हणजे गोलाकार ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाला, त्रास सुरू होतो. १६०० च्या आसपास ओतायच्या स्टीलला ही वाळू नकोच.

रिपोर्टमध्ये फेल्स्पारचा आकडा नसेल, फक्त ऑक्साइडं असतील, तर हिशेब स्वतः करा. पोटॅशियम फेल्स्पारमध्ये पोटॅशियम ऑक्साइड १६.९ टक्के आणि ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, १८.३ टक्के असतो. अल्बाइटमध्ये सोडियम ऑक्साइड ११.८ आणि ॲल्युमिना १९.४. समजा रिपोर्टमध्ये पोटॅशियम ऑक्साइड ०.५९, सोडियम ऑक्साइड ०.१२ आणि ॲल्युमिना १.३ टक्के आहे. ०.५९ ला ०.१६९ ने भागा: पोटॅशियम फेल्स्पार सुमारे ३.५ टक्के. ०.१२ ला ०.११८ ने भागा: अल्बाइट सुमारे १ टक्का. या दोघांनी मिळून ॲल्युमिना खाल्ला ०.८३. उरलेला ०.४७ चिकणमातीचा. ती केओलिन धरली तर तिच्यात ॲल्युमिना ३९.५ टक्के, म्हणून माती सुमारे १.२ टक्के. पडताळा ज्वलन घटीवरून, म्हणजे तापवल्यावर कमी होणाऱ्या वजनावरून, घ्या: एवढी केओलिन ०.१७ च्या आसपास घट देते. रिपोर्टमधली घट त्याहून बरीच जास्त असेल तर सेंद्रिय कचरा किंवा कार्बोनेट आहे, आणि आम्लाच्या थेंबाने कार्बोनेट कळेल. वाळूत अभ्रकाच्या चकचकीत टिकल्या दिसत असतील तर थोडं पोटॅशियम त्यांचं आहे, फेल्स्पारचा आकडा तेवढा कमी धरा.

काही प्रयोगशाळा रंग देऊन मोजतात. हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाफ देऊन सोडियम कोबाल्टिनायट्राइटमध्ये बुडवलं की पोटॅशियम फेल्स्पारचे कण पिवळे होतात, क्वॉर्ट्झ तसंच राहतं, मग भिंगाखाली तीनशे कण मोजायचे. पद्धत अचूक आहे, पण ते आम्ल कातडीतून हाडापर्यंत जातं. फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये हा उद्योग अजिबात करू नये.

आणि पुरवठादार म्हणेल, "धुऊन देतो." धुऊन आणि घासून चिकणमाती जाते, वरच्या हिशेबातला तो १.२ टक्का. फेल्स्पारचं विशिष्ट गुरुत्व २.५६ ते २.६२, क्वॉर्ट्झचं २.६५. पाण्यात ते वेगळे होत नाहीत. फ्लोटेशनने, म्हणजे रसायनं घालून फेसावर तरंगवून, होतात, पण तो कारखान्याचा मामला आहे. म्हणून माती जास्त निघाली तर धुतलेली वाळू मागा, फेल्स्पार जास्त निघालं तर खाणीचा दुसरा पट्टा मागा. तोवर हातातला लॉट जाड कास्टिंगपासून दूर ठेवा, साच्याला झिरकॉनचा वॉश, म्हणजे उष्णता सोसणारा लेप, द्या आणि ओतण्याचं तापमान पातळ भाग भरेल इतपतच ठेवा. पुढच्या खरेदीच्या ऑर्डरवर सिलिकाच्या टक्क्यासोबत पोटॅशियम आणि सोडियम ऑक्साइडची कमाल मर्यादा वेगळी लिहून घ्या. नुसतं '९८ टक्के सिलिका' लिहिलं तर उरलेल्या दोन टक्क्यांत काय आहे ते कुणी सांगत नाही.